विकासाच्या अवस्था आणि वयाचे आकडे : पियाजे, वायगॉट्स्की, एरिक्सन वर्गात कसे वाचावेत?

नवीन_टीचर (फोंडा)

नमस्कार. माझे डी.एल.एड.चे दुसरे वर्ष चालू असून सध्या फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत माझी इंटर्नशिप सुरू आहे. आमच्या टिपणांत स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मांडलेल्या मुलांच्या विचारविकासाच्या चार अवस्था वयाच्या आकड्यांसह कोष्टकात दिलेल्या आहेत : जन्मापासून २ वर्षे, २ ते ७, ७ ते ११ आणि त्यापुढे. दुसरीच्या वर्गात मी कोकम सरबताचे दोन सारखे पेले भरले आणि त्यांतील एकातले सरबत मुलांसमोर उंच, अरुंद पेल्यात ओतले. एका मुलाने उंच पेल्यात सरबत जास्त आहे असे ठामपणे सांगितले. तोच मुलगा आईबरोबर बाजारात नारळ विकायला बसतो आणि सुट्या पैशांचा हिशेब माझ्यापेक्षा लवकर करतो. मग तो कोष्टकातील कोणत्या रकान्यात बसतो? त्याच्या आईने मला सरळ विचारले, "टीचर, झील (मुलगा) मागे पडलाय काय?" मला उत्तर देता आले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. वयाचे हे आकडे प्रमाण मानायचे का? आणि जिनिव्हा, मॉस्को किंवा शिकागो येथील मुलांवरून मांडलेले सिद्धांत आपल्या गोव्यातील मुलांना कितपत लागू होतात?

कुळागर (केरी)

टीचर, वयाचे आकडे हा या सर्व सिद्धांतांचा सर्वांत कच्चा भाग आहे, असे माझे मत आहे. मुलांना प्रश्न कसा विचारला गेला आणि तो कोणत्या मुलांना विचारला गेला, या दोन गोष्टी प्रत्येक सिद्धांताच्या बाबतीत आधी पाहाव्यात. बहुतेक वाद तेथेच उलगडतात.

झां पियाजे यांचा जन्म १८९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेलचा. तरुणपणी ते पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या कसोट्या प्रमाणित करण्याच्या कामावर होते. बरोबर उत्तरे मोजणे हे तेथील काम. यांचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेले, कारण एका वयाची मुले साधारण एकाच पद्धतीने चुकत होती. चुकीच्या उत्तरामागेही एक सुसंगत विचार असतो, ही त्यांची मूळ अंतर्दृष्टी होय, आणि माझ्या मते ती चार अवस्थांपेक्षा कितीतरी मोलाची आहे. पुढे त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि मुलाच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलत नेण्याची मुलाखतीची पद्धत वापरली.

आता तुमच्या सरबताबद्दल. उंच पेल्यात जास्त आहे असे म्हणणारे मूल एका वेळी एकाच मितीकडे, म्हणजे उंचीकडे, पाहते आणि ओतण्याची क्रिया मनात उलटी फिरवू शकत नाही, असे पियाजे यांचे स्पष्टीकरण आहे. हे आकलन सर्व बाबतींत एकाच दिवशी येत नाही, हेही त्यांनीच नोंदवले आहे : वस्तूंची संख्या कायम राहते हे मुलाला आधी कळते, द्रव्याचे प्रमाण त्यानंतर, वजन त्याहून उशिरा आणि आकारमान सर्वांत शेवटी. एकच मूल एका बाबतीत "पुढे" आणि दुसऱ्या बाबतीत "मागे" असणे हे त्यामुळे त्यांच्या सिद्धांतातही अपेक्षितच आहे. कोष्टक करणाऱ्यांनी तेवढेच गाळले.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या पद्धतीची. मूळ प्रयोगात ओतण्यापूर्वी एकदा आणि ओतल्यानंतर पुन्हा, असा तोच प्रश्न दोनदा विचारला जातो. १९७४ मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी तो फक्त ओतल्यानंतर, एकदाच विचारला आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढले. वर्गात टीचरने तोच प्रश्न पुन्हा विचारला की आधीचे उत्तर चुकले, हे आपल्याकडचे कोणतेही मूल लगेच ओळखते. त्याच सुमारास मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी वस्तूंची रांग प्रयोगकर्त्याऐवजी एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून "चुकून" विस्कटवली; तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी संख्या तेवढीच आहे असे सांगितले. मोठ्या माणसाने काही मुद्दाम बदलले म्हणजे बदल महत्त्वाचाच असणार, असा तर्क मूल करत असते. हा तर्क बुद्धीच्या कमतरतेचा म्हणता येणार नाही.

तुम्ही किती वेळा विचारले होते?

नवीन_टीचर (फोंडा)

दोनदा. पाठाच्या आराखड्यात तसेच लिहिलेले होते.

जुने_मास्तर (डिचोली)

कुळागरबाब, तुमचे म्हणणे पटते, परंतु अवस्थांना इतक्या सहज मोडीत काढू नये. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. पहिलीच्या मुलांना हातचा समजावताना काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतात आणि चौथीत ते बहुधा लागत नाहीत, हा क्रम मी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. वय थोडे मागेपुढे होईल; क्रम सहसा बदलत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा सलग पायाभूत टप्पा मानला, त्यामागेही हीच जाण आहे की या वयात हाताने हाताळल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

आणखी एक. ही सगळी माहिती आपल्याकडे २०२० मध्ये आली असे कोणी समजू नये. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच अडकल्या. त्याआधीच ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम उभे केले होते. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शंखशिंपले, पाने आणि दगड आले. सिद्धांत परका असला तरी त्याचे साहित्य आपल्या परड्यात सापडू शकते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

कुळागर (केरी)

मास्तर, क्रमाबद्दल आपण एकाच बाजूला आहोत. फक्त वरच्या टोकाला तोही डळमळतो. अकरा-बारा वर्षांनंतर अमूर्त तर्क येतो असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. १९७२ मधील एका लेखात खुद्द पियाजे यांनी ती मर्यादा १५ ते २० वर्षांपर्यंत सैल केली आणि असा विचार माणूस आपापल्या कामाच्या क्षेत्रात करू लागतो, असे सुचवले. सुतार, कुलूपकार किंवा मेकॅनिक आपल्या धंद्यात उत्तम तर्क करील, पण शाळेतील प्रयोगात कदाचित करणार नाही.

सत्तरीची_सेविका (वाळपई)

मी अंगणवाडीत काम करते. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे मुले घरी कोकणी बोलतात, गाणी मराठी म्हणतात आणि आता इंग्रजी अक्षरेही गिरवतात. एक मुलगी मणी ओवताना सतत स्वतःशी कोकणीत पुटपुटत असते : "आतां तांबडो, मागीर हळदुवो, ना ना, तांबडो." मदतनीस तिला गप्प बसवते. तिला बोलू द्यावे का?

कुळागर (केरी)

ताई, अवश्य बोलू द्यावे. नेमक्या याच पुटपुटण्यावरून पियाजे आणि सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांच्यात मतभेद आहेत. पियाजे यांनी त्याला आत्मकेंद्री बोलणे म्हटले : मुलाला समोरच्याचा दृष्टिकोन कळत नाही म्हणून ते असे बोलते आणि वय वाढल्यावर हे बोलणे विरून जाते. वायगॉट्स्की यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणून पाहिल्या, उदाहरणार्थ चित्र काढताना हवा तो रंग मिळू दिला नाही. तेव्हा हे बोलणे वाढले. त्यावरून त्यांनी असे मांडले की मूल या बोलण्याने स्वतःचे काम आखते. जी भाषा आधी माणसामाणसांत असते ती पुढे मुलाच्या आत जाते आणि विचाराचे हत्यार बनते. पुढील संशोधनाचा कौल बहुतांशी वायगॉट्स्की यांच्या बाजूने आहे. तुमची मुलगी "ना ना, तांबडो" म्हणते तेव्हा ती स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करत असते, आणि ती हे घरच्या भाषेत करते, कारण याच भाषेत तिला मोठ्यांनी आजवर दुरुस्त केलेले आहे.

वायगॉट्स्की १९३४ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी क्षयाने गेले आणि १९३६ नंतर सोव्हिएत राजवटीत त्यांचे लेखन दाबले गेले. पाश्चात्त्य जगाला त्यांचा खरा परिचय १९६२ मधील इंग्रजी भाषांतरानंतर झाला. "निकटतम विकासाचे क्षेत्र" ही त्यांची कल्पना परीक्षेत सर्वांना येते : मूल आज एकट्याने काय करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने काय करू शकते, यांमधील अंतर. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना पहिल्या वर्षी पोर फक्त फळे हातात देते, नंतर कोणत्या फळाला कसा दोर घालायचा ते शिकते, आणि रानातल्या कांगल्या कोठे व घागऱ्या कोठे हे एके वर्षी कोणी न सांगता ठरवते. काका बाजूला उभा असतो. लागेल तेथेच हात लावतो. मात्र अशा मदतीला "मचाण" म्हणण्याची पद्धत वायगॉट्स्की यांची नव्हे. ती १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या लेखातून आली.

आता नवीन टीचरांच्या नारळवाल्या मुलाकडे वळू. ब्राझीलमधील रेसिफे शहरात कराहर दांपत्य आणि श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाच्या भूमिकेतून विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के मुलांनी बरोबर केले. तीच गणिते कागदावर, नुसत्या आकड्यांत दिल्यावर हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. त्यांतील एक मुलगा नारळच विकत होता. ३५ ला एक या भावाने दहा नारळांचे किती, असे विचारल्यावर त्याने तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, अशी चढती बेरीज करत ३५० काढले. दहाने गुणायचे म्हणजे पुढे शून्य द्यायचे, ही शाळेची युक्ती त्याने वापरलीच नाही. त्या आईला तुम्ही निःशंकपणे सांगू शकता की मुलगा मागे नाही. शाळेचे गणित आणि बाजाराचे गणित यांची गाठ मात्र अजून कोणी घालून दिलेली नाही आणि ती घालणे हे शाळेचे काम आहे.

बोटीवरचा (वास्को)

यात एक जोड द्यावीशी वाटते. वायगॉट्स्की यांचे सहकारी लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले होते. दूर उत्तरेत बर्फ असते तेथे सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक ठिकाण दूर उत्तरेत आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? अशा प्रश्नावर निरक्षर शेतकरी म्हणत, आम्ही तेथे गेलो नाही, पाहिल्याशिवाय कसे सांगणार? लुरिया यांनी त्याचा अर्थ तर्काची मर्यादा असा लावला. मला मात्र ते उत्तर कोर्टात उभ्या राहिलेल्या प्रामाणिक साक्षीदाराचे वाटते.

आई_शिफ्टवाली (कुंडई)

विषय थोडा वळवते, परंतु तो विकासाचाच आहे. मी कारखान्यात पाळीवर काम करते, पती परदेशी आहेत आणि दीड वर्षाच्या मुलीला माझ्या सासूबाई सांभाळतात. आई दिवसभर जवळ नसेल तर मुलाचा "अनुबंध" (जवळच्या माणसाशी जडणारे नाते) बिघडतो, असे एका व्याख्यानात ऐकल्यापासून मन लागत नाही. शास्त्र खरोखरच असे म्हणते का?

कुळागर (केरी)

वहिनी, त्या व्याख्यात्यांनी १९५१ चे अर्धे पान वाचलेले दिसते. त्या वर्षी जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्यांच्यासमोर असलेली मुले अनाथालयांतील, रुग्णालयांतील आणि युद्धाने घरापासून तुटलेली होती. त्यांना कोणीही एक कायमचे माणूस नव्हते. आजीच्या मांडीवर वाढणाऱ्या मुलाची परिस्थिती ती नव्हे. बोल्बी यांच्या लेखनात आईला अवाजवी एकमेव स्थान मिळाले, ही टीका रास्तच आहे. १९६४ मध्ये शाफर आणि एमर्सन यांनी ग्लासगोमधील ६० बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांचा लळा एकाहून अधिक माणसांना लागलेला होता. शिवाय भरवणाऱ्यापेक्षा, बाळाच्या हाकेला तत्परतेने ओ देणाऱ्याकडे त्याचा ओढा अधिक होता.

मेरी एन्सवर्थ यांनी या विषयाचे पहिले मोठे निरीक्षण १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत केले, हे सहसा सांगितले जात नाही. बाल्टिमोरमधील प्रसिद्ध प्रयोग नंतरचा : अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते तेव्हा बाळ तिला कसे भेटते ते पाहायचे. जपानमध्ये हाच प्रयोग केल्यावर अनेक बाळे इतकी रडली की त्यांची गणना "द्विधा" (असुरक्षित नात्याच्या) गटात झाली. पण तेथील बाळांना एकटे ठेवण्याची रीतच फारशी नव्हती, त्यामुळे तोच प्रसंग त्यांच्यासाठी फार कठीण ठरत होता. प्रश्न सारखा, मूल वेगळे. मुलगी सासूबाईंकडे धावत असेल आणि तुम्ही घरी आल्यावर तुमच्याकडेही झेपावत असेल, तर तिला दोन आधार आहेत असे समजावे.

आई_शिफ्टवाली (कुंडई)

झेपावते, आणि मग केस ओढते. आभारी आहे.

अकरावीचा_वर्ग (पेडणे)

मी उच्च माध्यमिकमध्ये शिकवते, म्हणून मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्याबद्दल लिहिणे मला भाग आहे. पियाजे यांच्या नादात आपण मुले मोठी होतात हेच विसरत आहोत. १९५० मध्ये त्यांनी जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ टप्प्यांची मांडणी केली आणि प्रत्येक टप्प्यावर एक ओढाताण दाखवली : बाळपणी विश्वास विरुद्ध अविश्वास, शाळकरी वयात उद्यमशीलता विरुद्ध न्यूनभाव, किशोरवयात स्वतःची ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ. विकास बारा-चौदा वर्षांशी संपत नाही, हे सांगणे ही त्यांची खरी देणगी. गांधीजींवरील त्यांच्या १९६९ च्या पुस्तकाचा केंद्रबिंदूही १९१८ चा अहमदाबादचा गिरणी संप आहे, जेव्हा गांधीजी ४८ वर्षांचे होते. म्हणजे बालपणाच्या अभ्यासकाने मध्यमवयाचा अभ्यास केला.

जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ओळखीच्या प्रश्नाचे चार प्रकार केले. त्यांतील एक, म्हणजे शोध न घेताच घरच्यांनी ठरवलेली वाट स्वीकारणे, पाश्चात्त्य पुस्तकांत अपुरेपणाचे लक्षण मानल्यासारखा वाटतो. माझ्या वर्गातील एक मुलगा बारावीनंतर वडिलांची दशावताराची पेटी आणि दुकान दोन्ही सांभाळणार आहे. त्याला गोंधळलेला म्हणावे की परिपक्व?

कुळागर (केरी)

मॅडम, त्याने दुसरे काही मनात आणून पाहिले आहे का, एवढेच त्याला विचारावे. आणून पाहिले असेल आणि तरी पेटी निवडली असेल तर मार्सिया यांच्याच कसोटीने ती कमावलेली ओळख होय. वाट घरचीच निघाली, एवढ्यावरून ती लादलेली ठरत नाही.

या संदर्भात सुधीर कक्कर यांना विसरता येणार नाही. हार्वर्डमध्ये त्यांनी एरिक्सन यांचे साहाय्यक म्हणून काम केले, मनोविश्लेषक झाले, आणि पुढे अनेक वर्षे आपल्या बाणावलीला राहिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७८ मधील त्यांच्या मांडणीनुसार भारतीय घरातील मुलगा दीर्घ काळ आईच्या निकट सहवासात वाढतो आणि पाचेक वर्षांचा झाल्यावर एकाएकी पुरुषांच्या शिस्तीच्या जगात ढकलला जातो. या ताटातुटीला त्यांनी "दुसरा जन्म" म्हटले. एरिक्सन यांची चौकट ठेवून तिच्यातील ताण कोठे पडतो ते त्यांनी बदलून दाखवले. त्यांची मांडणी प्रामुख्याने वरच्या जातींतील हिंदू मुलग्यांची आहे, मुलींना तीत कमी जागा आहे, हेही लक्षात ठेवावे.

जुने_मास्तर (डिचोली)

मला आमच्या तालुक्यातील एक गोष्ट येथे मांडायची आहे, जी या मनाच्या आतल्या सिद्धांतांत बसत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि काही वर्षे रडतखडत चालल्यावर २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. ट्रकवाल्यांची मुले तेव्हा माझ्या वर्गात होती. पूर्वी टायर आणि डिझेलच्या गप्पा मारणारा मुलगा वडिलांबद्दल बोलेनासा झाला, आणि त्याची आठवीतील बहीण मात्र घरचा हिशेब वहीत लिहू लागली. एका घरात दोन मुलांचे दोन प्रकारे काय झाले?

कुळागर (केरी)

मास्तर, यासाठी यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांची १९७९ ची मांडणी उपयोगी पडते. मुलाभोवती घर आणि शाळा असते. त्यापलीकडे अशा जागा असतात जेथे मूल कधी पाऊलही ठेवत नाही, पण तेथील निर्णय त्याच्या जेवणाच्या ताटापर्यंत येतात. खाणपट्ट्याचा निकाल दिल्लीत लागतो आणि डिचोलीतील पोर गप्प होते.

दोन भावंडांतील फरकाचे उत्तर मात्र ग्लेन एल्डर यांच्याकडे आहे. अमेरिकेतील १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा त्यांनी आयुष्यभराचा मागोवा घेतला. १९२०-२१ मध्ये जन्मलेली ओकलंडची मुले मंदी आली तेव्हा किशोरवयात शिरत होती. त्यांच्यावर घरकाम आणि कमाईची जबाबदारी आली आणि त्यांतील बऱ्याच जणांना तीतून बळ मिळाले. १९२८-२९ मध्ये जन्मलेली बर्कलीची मुले तेव्हा अगदी लहान होती. त्यांना जबाबदारी मिळाली नाही, फक्त वडिलांची चिडचिड मिळाली, आणि मुलग्यांना त्याची झळ अधिक बसली. संकट एकच, पण ते कोणत्या वयात गाठते यावर परिणाम ठरतो. वयाला महत्त्व आहे ते येथे. कोष्टकातील रकान्यांपेक्षा कितीतरी अधिक.

बोटीवरचा (वास्को)

कोहलबर्ग यांचे नाव कोणीच घेतले नाही.

अकरावीचा_वर्ग (पेडणे)

थोडक्यात घेते. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधात नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. पत्नीच्या औषधासाठी चोरी करावी का, हा त्यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे. त्यांचा नमुना मात्र शिकागो परिसरातील ७२ मुलग्यांचा होता, मुलगी एकही नव्हती. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यावरच बोट ठेवले. पुढे जोन मिलर यांनी म्हैसूर आणि अमेरिकेतील न्यू हेवन येथील लोकांची तुलना केली, तेव्हा अडल्यानडल्याला मदत करणे हे भारतीयांना कर्तव्य वाटले, तर अमेरिकनांनी ते अधिक वेळा व्यक्तीच्या मर्जीवर सोडले. न्यायाला सर्वांत वरची पायरी देणाऱ्या शिडीवर कर्तव्य कोठे ठेवायचे, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहतो.

नवीन_टीचर (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. सरबताचा प्रयोग मी पुन्हा केला, या वेळी ओतून झाल्यावर एकदाच विचारले. नारळवाल्या मुलाने पेल्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "तितलेंच. तुमी हांगाच ओतलें न्हय?" वर्गातील आणखी दोघी मात्र अजूनही उंच पेल्यालाच जास्त म्हणतात, आणि का ते नीट समजावून सांगतात.

एकच अडचण उरली आहे. परीक्षेत वयाचे आकडे न लिहिल्यास गुण जातात.

जुने_मास्तर (डिचोली)

टीचर, आकडे लिहा, त्यांच्यामागे "सुमारे" लिहा, आणि त्या दोघींनी सांगितलेली कारणे उदाहरण म्हणून जोडा. तपासणारा माणूसही वर्गावर जातच असतो.